कोरड्या डोळ्यांसाठीचे थेंब : पाण्याच्या शोधातून दाहाकडे

"डॉक्टर, डोळ्यांतून सारखे पाणी येते आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडलेत. हे कसे काय?" मधुमेह किंवा रक्तदाब दाखवायला आलेले रुग्णही मला हा प्रश्न विचारतात. मग पिशवीतून दोन-तीन बाटल्या निघतात. एक नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिलेली, एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक शेजारणीने सुचवलेली. थेंब सगळे सारखेच, असे आपण धरून चालतो. ते तसे नाहीत. का नाहीत, हे त्यांच्या इतिहासातून चांगले कळते, म्हणून आज तोच सांगतो.

आधी अश्रूंबद्दल थोडे. बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा बराचसा प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. हा थर नुसत्या पाण्याचा नाही. त्यात पृष्ठभागाला चिकटून राहणारा श्लेष्मा आहे आणि वर पाणी उडून जाऊ नये म्हणून तेलाचा तवंग आहे. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. याच ग्रंथी तुंबल्या की पापणीत रांजणवाडीसारखी गाठ येते. पुढे पेनिसिलिनमुळे प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये दाखवले की अश्रूंत जंतू विरघळवणारे एक द्रव्य असते, लायसोझाइम. त्या प्रयोगांसाठी ते स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस टाकून अश्रू गोळा करत. (तुम्ही हे करू नका.)

आता वरच्या प्रश्नाचे उत्तर. तेल किंवा श्लेष्मा बिघडला की थर फाटतो, कॉर्निया उघडा पडतो आणि चुरचुरतो. मेंदू घाईने पाण्याचा लोंढा पाठवतो. पण हे पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. डोळा कोरडा तो कोरडाच!

वैद्यकशास्त्राने मात्र बराच काळ या आजाराकडे पाण्याचा तुटवडा म्हणूनच पाहिले. १९०३ मध्ये ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ती किती भिजते हे मोजायला सुरुवात केली. ही तपासणी आजही होते. पाच मिनिटांत पट्टी ५ मिलिमीटरही भिजली नाही, तर अश्रू फारच कमी असे समजतात.

१९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी स्टॉकहोममध्ये प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांची हकिगत होती. डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि त्यांतल्या बहुतेकींना संधिवात. श्योग्रेन यांचे म्हणणे असे की हा निव्वळ डोळ्यांचा आजार नाही, सगळ्या शरीराचा आहे. परीक्षकांना प्रबंध विशेष वाटला नाही. त्याला इतके कमी गुण मिळाले की विद्यापीठात शिकवण्याची पात्रताही त्यांना मिळाली नाही. प्रबंध जर्मन भाषेत होता. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. आज आपण जाणतो की या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. फिजिशियन म्हणून मला हा प्रबंध फार महत्त्वाचा वाटतो. तुमचे डोळे कोरडे असतील, शिवाय भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल आणि सांधे दुखत असतील, तर फक्त थेंब घालत बसू नका. हे तिन्ही त्रास एकाच वेळी, एकाच डॉक्टरांना सांगा.

उपचार मात्र पाण्याभोवतीच फिरत राहिले. मिठाचे पाणी डोळ्यात टिकत नाही, म्हणून १९४५ मध्ये अमेरिकेचे केनेथ स्वान यांनी मिथाइलसेल्युलोजचा वापर सुचवला. वनस्पतींच्या तंतूंपासून केलेला हा चिकट पदार्थ पाण्याला धरून ठेवतो. आज आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांवर कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज हे लांबलचक नाव असते, ते याच घराण्यातले. दुसरे घराणे हायलुरोनिक आम्लाचे. ते १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यातल्या जेलीत सापडले. कोरड्या डोळ्यांसाठी त्याचे थेंब वापरायला १९८० नंतर सुरुवात झाली. ही दोन्ही वंगणे चांगली आहेत, सौम्य त्रासाला पुरतात. पण ती वंगणेच आहेत.

आपल्या देशात आणखी एक कोरडेपणा होता, तो पाण्याचा नव्हताच. जीवनसत्त्व 'अ' कमी पडले की मुलांच्या डोळ्यांचा पृष्ठभागच खरखरीत होतो आणि पुढे कॉर्निया विरघळून अंधत्व येते. १९७० मध्ये सरकारने मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली. तिथे कितीही थेंब घातले असते तरी उपयोग शून्य.

पाण्याच्या कल्पनेचा अतिरेक पाहायचा असेल तर १९५१ सालच्या ओडेसात चला. व्लादिमिर फिलातोव्ह हे नामवंत नेत्रशल्यविशारद. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने गालातल्या लाळग्रंथीची नळीच डोळ्याकडे वळवण्याची शस्त्रक्रिया मांडली. लाळेने डोळा ओला होई, पण जेवायला बसले की डोळे भरून वाहत! कुत्र्यांवरही हीच शस्त्रक्रिया होत असे. कोरड्या डोळ्यांचा त्रास कुत्र्यांना पुष्कळ होतो आणि त्यातून कॉर्निया काळपट होऊन दृष्टी जाते.

कलाटणी याच कुत्र्यांमुळे मिळाली. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात रेनी कॅस्वान नावाच्या पशुवैद्य नेत्रतज्ज्ञ होत्या. कुत्र्यांच्या अश्रुग्रंथी दाहाने निकामी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा अवयवरोपणासाठी सायक्लोस्पोरिन हे नवे औषध आले होते. नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीत सँडोझ कंपनीला ते सापडले होते आणि ते प्रतिकारशक्तीचा हल्ला थोपवते. १९८० च्या दशकात कॅस्वान यांनी ते तेलात मिसळून कुत्र्यांच्या डोळ्यांत घातले आणि बऱ्याच कुत्र्यांचे स्वतःचे अश्रू पुन्हा येऊ लागले. बाहेरून पाणी ओतायची गरज नव्हती, आग विझवायची होती. कुत्र्यांसाठीचे मलम अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले, माणसांसाठीचे ०.०५ टक्क्यांचे थेंब डिसेंबर २००२ मध्ये.

यात चमत्कार मात्र शोधू नका. मंजुरीसाठीच्या चाचण्यांत सहा महिन्यांनी शिर्मरची पट्टी १० मिलिमीटर अधिक भिजली, असे रुग्ण सुमारे १५ टक्के होते. औषधाशिवाय नुसते तेलकट द्रावण घालणाऱ्यांत ते ५ टक्के होते. म्हणजे उपयोग खरा, पण सर्वांना नाही आणि पटकन तर नाहीच. शिवाय थेंब सुरुवातीला झोंबतात. "पंधरा दिवस घातले, फरक नाही, बंद केले" असे रुग्ण मला सांगतात, तेव्हा हे सगळे त्यांना समजावून सांगावे लागते.

या सगळ्या काळात एक प्रश्न बाटलीचाही होता. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते साबणासारखे काम करते. जंतू मारते, पण तेलाचा तवंगही फोडते आणि वारंवार वापरल्यास कॉर्नियाच्या पेशींना इजा करते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, असे सांगतात ते यासाठी. ते महाग पडतात, हे खरे आहे.

पण प्रिझर्व्हेटिव्ह नसणे याचीही किंमत असते. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत सुडोमोनास या जंतूच्या, बहुतेक अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या प्रकाराची साथ आली. १८ राज्यांत ८१ रुग्ण, ४ मृत्यू, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा डोळा काढावा लागला. माग काढल्यावर ती कृत्रिम अश्रूंच्या थेंबांपर्यंत पोचली. ते तामिळनाडूतल्या एका कारखान्यात बनलेले होते, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, पण एकाच बाटलीतून पुन्हा पुन्हा वापरायचे. कारखान्यातल्या निर्जंतुकीकरणातही गंभीर उणिवा आढळल्या.

म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब एकतर एका वेळच्या छोट्या नळीत येतात, नाहीतर जंतू आत शिरू न देणाऱ्या खास झडपेच्या बाटलीत. तुमच्या हातात यांपैकी काय आहे ते वेष्टनावर वाचा. एका वेळची नळी "उरलंय अजून" म्हणून फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका. बाटली उघडली त्या दिवशीच तिच्यावर पेनाने तारीख लिहा. किती दिवसांनी टाकायची ते तिच्यावरच छापलेले असते. तिचे टोक पापणीला लावू नका, आणि घरातल्या दोघांनी मिळून एक बाटली वापरू नका.