आधी राजचिन्ह, मग राज्य: पाचगणीचा फ्रेडी आणि क्वीनची कव्हरं

आपल्या मलकापुरात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की त्यात तीन गोष्टी हमखास असतात: एक सिंह, एक मुकुट आणि मागं आगीच्या ज्वाळा. ज्याचा वाढदिवस आहे त्या भावाचं वय १९. कर्तृत्व अजून यायचंय, चिन्ह मात्र येऊन बसलंय. आपण बघतो, हसतो आणि पुढं जातो.

आजच्या भागात ज्या चित्राबद्दल बोलायचंय, त्यातही सिंह आहेत, मुकुट आहे, ज्वाळा आहेत. ते काढलं गेलं तेव्हा काढणाऱ्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. आणि हा गडी शाळा कुठं शिकला? मलकापूरहून कोल्हापूरला या, हायवेनं कराड, सातारा करत वाईला वळा, पसरणीचा घाट चढा. पाचगणी. तिथलं सेंट पीटर्स स्कूल.

फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी, मूळ गुजरातमधल्या वलसाडकडचं, त्यावरूनच आडनाव. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये धाडलं. तिथं तो ‘फ्रेडी’ झाला, पियानो शिकला आणि १९५८ मध्ये पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेचा बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढची गोष्ट पोस्टरवर असते, ती तुम्हाला माहीत आहे. पण मधला एक टप्पा लोक गाळतात. तो म्हणजे लंडनचं ईलिंग आर्ट कॉलेज. फ्रेडी तिथं ग्राफिक डिझाइन शिकला आणि १९६९ मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. म्हणजे गायक म्हणून जग ओळखतं त्या माणसाचं कागदावरचं शिक्षण चित्रकाराचं होतं!

१९७० मध्ये बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यानंच सुचवलं. स्वतःचं आडनावही त्याच सुमाराला बदलून मर्क्युरी केलं. आणि पहिला अल्बम येण्याच्या थोडं आधी बसून बँडचं चिन्ह काढलं.

हे चिन्ह नीट बघण्यासारखं आहे. मध्ये इंग्रजी ‘क्यू’ अक्षर, त्याच्या पोटात मुकुट. दोन बाजूंना दोन सिंह, अक्षराच्या डोक्यावर खेकडा, खेकड्यावर ज्वाळा. सिंहांच्या खाली दोन पऱ्या. आणि सगळ्यावर पंख पसरून बसलेला भलाथोरला फिनिक्स. गंमत अशी की फिनिक्स सोडला तर हे सगळे प्राणी राशींचे आहेत. ड्रमर रॉजर टेलर आणि बेसवाला जॉन डीकन, दोघं सिंह राशीचे. गिटारवाला ब्रायन मे कर्क, म्हणून खेकडा. फ्रेडी कन्या, म्हणून पऱ्या. (आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे हां, जन्मतारखेवरची पाश्चात्त्य रास. नाहीतर कुणीतरी पंचांग घेऊन भांडायला येईल.)

म्हणजे चार पोरांच्या जन्मतारखा घेतल्या आणि त्यांची मांडणी थेट ब्रिटनच्या राजचिन्हासारखी केली. माझा अंदाज असा की ब्रिटिश पद्धतीच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या पोराच्या नजरेत असली ढाल-सिंहांची चिन्हं आधीच बसलेली असणार. पण तो माझा अंदाज, पुरावा नव्हे.

आता बघा, त्या वेळी या बँडकडं होतं काय? पहिला अल्बम ‘क्वीन’ जुलै १९७३ मध्ये आला. त्यातून काढलेलं पहिलं सिंगल ब्रिटनच्या यादीत कुठंच लागलं नाही. अल्बमही सुरुवातीला चालला नाही. तरी कव्हरच्या मागच्या बाजूला राजचिन्ह, साध्या रेषांत. पुढच्या बाजूला स्टेजवर एकटा फ्रेडी, स्पॉटलाइटच्या झोतात. प्रेक्षक कुठं दिसत नाहीत, पण फोटो असा की समोर हजारो बसलेत असं वाटावं.

त्याच कव्हरवर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, जॉन डीकनचं नाव उलटं छापलंय, ‘डीकन जॉन’. जरा वजनदार वाटावं म्हणून. त्याला ते रुचलं नाही, पुढच्या अल्बमपासून सरळ झालं. दुसरी जास्त महत्त्वाची. एका ओळीत सांगितलंय की या रेकॉर्डवर सिंथेसायझर कुणीही वाजवलेलं नाही. हे छापायची गरज का पडावी? कारण ब्रायन मे एका गिटारवर दुसरी, तिसरी अशी थरावर थर रेकॉर्ड करायचा आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की ही मशीनची करामत. ती गिटारही त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, तिच्या लाकडात जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. ऐकून जे कळणार नव्हतं ते कव्हरनं सांगितलं. मला तर राजचिन्हापेक्षा ही ओळ जास्त आवडते. चिन्हात ऐट आहे, या ओळीत मेहनतीचा हिशोब आहे.

मग १९७४, ‘क्वीन टू’. फोटोग्राफर मिक रॉक. त्यानं १९३२ च्या ‘शांघाय एक्सप्रेस’ चित्रपटाच्या वेळचा मार्लिन डीट्रिच या नटीचा एक फोटो फ्रेडीला दाखवला, आणि त्याच धर्तीवर चौघांना उभं केलं. काळा अंधार, वरून पडणारा उजेड, चार चेहरे तरंगताहेत, फ्रेडीचे हात छातीवर आडवे. कव्हर पुस्तकासारखं उघडलं की आत तेच चौघं पांढऱ्या कपड्यांत. रेकॉर्डच्या दोन बाजूंनाही साइड ए, साइड बी अशी नावं नाहीत. एक ‘व्हाइट’, दुसरी ‘ब्लॅक’. आख्खा खेळ एकाच कल्पनेवर, नाद खुळा! हा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेला. आणि १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ केला तेव्हा त्यांनी हेच कव्हर जिवंत केलं. लोकांना आज व्हिडिओ आठवतो, पण ती चार डोकी आधी पुठ्ठ्यावर आली होती.

त्याच वर्षीचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’. कव्हर पांढरं स्वच्छ. एकही चेहरा नाही. फक्त ते चिन्ह, आता रंगात, आणि खाली नाव. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षीचा ‘अ डे अ‍ॅट द रेसेस’ काळ्या कव्हरवर, चिन्ह थोडं बदलून. दोन वर्षांपूर्वी मागच्या पानावर लपलेलं चित्र आता एकटं पुढं उभं राहू शकत होतं. १९७७ च्या कव्हरवर मोठा रोबो आला, तो एका जुन्या विज्ञानकथा मासिकावरून घेतलेला. छान आहे, पण तो फ्रेडीच्या हातचा नव्हे.

एक गोष्ट मला या सगळ्यात खटकते. इतक्या बारकाईनं केलेल्या या कव्हरांवर बलसारा हे नाव नाही. पाचगणी नाही, झांझिबार नाही. चौघांना राशी मिळाल्या, गाव कुणालाच मिळालं नाही. सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये पारशी आडनाव घेऊन रॉकस्टार होणं सोपं नव्हतं, हे मान्य. त्यानं निवड केली आणि ती त्याची होती. तरीही दोष द्यायचा तर मी त्याला देणार नाही, ज्या बाजारात ही निवड करावी लागली त्या बाजाराला देईन.

एक काम करा. ते कव्हर एक फुटापेक्षा मोठ्या चौकोनासाठी काढलं होतं, आणि फोनवर ते नखाएवढं दिसतं. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’चं कव्हर उघडा आणि दोन बोटांनी मोठं करा. फिनिक्स आणि सिंह लगेच सापडतील. खेकड्याला जरा वेळ लागेल. पऱ्या खाली आहेत, सिंहांच्या पायाशी. त्या फारुखच्या.