लिंबू, पट्टा आणि पावलाचे माप

भगिनींनो, स्मरणिकेत आपण पाककृती लिहितो, सहलींची वर्णने लिहितो. यंदा मी मर्दानी खेळांविषयी लिहीत आहे, ह्याचे कोणाला नवल वाटेल. मी सातवीपर्यंतच शिकलेली. पण माझे माहेर कोल्हापूरचे, आणि माझे चुलते तालमीत काठी व पट्टा शिकवीत. थोडे पाहिलेले, थोडे वाचलेले सांगते.

वार करणे हे ताकदीचे काम, असे पुष्कळांना वाटते. पण ताकदीच्या आधी अंतर कळावे लागते, आणि अंतराबरोबर वेळ. दांडपट्ट्याची घडणच पाहा ना. त्याच्या मुठीवर लोखंडी खोबळा असतो. तो कोपरापर्यंत हात झाकतो. त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही. पाते लांब व लवचिक. तेव्हा पट्टा फिरवावयाचा तो खांद्याने, कमरेने आणि पायाने. पाऊल वीतभर चुकले की वार हवेत जातो, नाही तर भलतीकडे बसतो.

म्हणून काका नव्या मुलाच्या हाती हत्यार देत नसत. आधी पवित्रे, म्हणजे पावले टाकण्याच्या रीती. मग काठी. मग फरीगदगा; फरी ही लहान ढाल आणि गदगा ही कातडे चढविलेली छडी. गदगा अंगाला लागला की आपण किती जवळ गेलो होतो हे न सांगता कळते. काका म्हणत, “पोरांनो, काठीकडं बघू नगासा. समोरच्याच्या खांद्याकडं आन् पायाकडं बघा.” खांदा हलला की वार निघाला, हे त्यातले मर्म.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा महाराजांवर चालून आला, आणि जिवा महालाने त्याचा उगारलेला हात वरच्यावर उडविला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. हात उगारला जातो आणि खाली येतो, त्यामधला क्षण केवढासा! तो क्षण साधावयास आधी किती वर्षांची मेहनत झाली असेल!

पुढे १८७८ साली इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा झाला. पण काठीने आणि गदग्यानेही अंतर शिकता येते. तालमींतून ही विद्या टिकून राहिली. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तेथे करून दाखविले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला.

आता माझी गोष्ट. मी बारा वर्षांची असताना एका जत्रेत काकांनी माझ्या तळहातावर लिंबू ठेविले. पट्ट्याचा आवाज ऐकला आणि मी भिऊन हात हलविला. लिंबू खाली पडले. काकांनी त्याच क्षणी पाऊल मागे घेतले. पाते माझ्या बोटांपासून चार अंगुळांवरून गेले. लोकांनी टाळ्या वाजविल्या नाहीत, पण काकांची खरी विद्या मला त्या दिवशी दिसली. वार करणाऱ्याला वार मोडताही आला पाहिजे.

घरी येऊन मी म्हटले, “काका, मलाबी शिकवा.” ते हसले. म्हणाले, “पोरीच्या जातीनं लिंबू धरावं. तेबी धीराचंच काम हाय.” काकांविषयी माझ्या मनात राग नाही, पण ते वाक्य आजही सलते.

गेल्या दिवाळीपासून आपल्या अंगणात मुलींचा काठीचा वर्ग भरतो. माझी धाकटीही जाते. काहींना तो आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती, एकदा येऊन पाहा. मुली तेथे मारामारी शिकत नाहीत. समोरचा किती लांब आहे, केव्हा मागे सरावे आणि केव्हा ठाम उभे राहावे, हे शिकतात. लिंबू धरण्याचा धीर आपल्याजवळ होताच. आता पवित्राही आपल्या लेकींना येऊ द्या.