दातांतलं गाव

प्रशांत महासागरातल्या व्हानुआटू देशात, एफाते बेटावर, तेओमा नावाची जागा आहे. 2003 साली कोळंबीच्या तलावांसाठी माती काढताना तिथे जुन्या खापराचा तुकडा वर आला. पुढच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, लापिता संस्कृतीच्या दर्यावर्दींची दफनभूमी उघडी पडली. सांगाड्यांना कवट्या नव्हत्या. दफनानंतर त्या काढून घेतल्या होत्या.

ही माणसं तिथलीच होती का? उत्तर सापडलं दातांत.

दाताचं वरचं कवच बालपणी घडतं आणि पुन्हा कधीच बदलत नाही. लहानपणच्या अन्नपाण्यातून आलेलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात कायमचं राहतं आणि त्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण त्या त्या जमिनीनुसार वेगळं असतं. सतरा जणांचे दात तपासले, तेव्हा चौघे परक्या भूमीत वाढलेले निघाले. त्यांतल्या एकाच्या छातीवर तीन कवट्या मांडलेल्या होत्या! बाहेरून आलेल्याला मिळालेला हा मान थक्क करणारा आहे.

मात्र दात बालपणापलीकडे जात नाहीत. पूर्वजांचा माग डीएनएने काढला: 2016 मध्ये तेओमातल्या तीन स्त्रियांचं नातं तैवान आणि उत्तर फिलिपिन्सच्या मूळ रहिवाशांशी जुळलं.