अपघात किंवा भाजणे : पहिल्या तासात काय करावे आणि कोणते उपचार विनामूल्य मिळतात

रस्त्यावर धडक बसली, स्टोव्हचा भडका उडाला, आंघोळीचे उकळते पाणी मुलाच्या अंगावर सांडले, तर घरच्यांच्या मनात लगेच पैशांचा प्रश्न येतो. खासगी रुग्णालय आधी किती भरायला लावेल, या धास्तीने जवळचे रुग्णालय सोडून लांबच्या सरकारी रुग्णालयाकडे रिक्षा वळवली जाते. असे करू नका. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने आधी जीव वाचवायचा आणि पोलिसांचे कागद नंतर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला आहे. "पोलीस केस आहे, आधी चिठ्ठी आणा" हे उत्तर तेव्हापासून चालत नाही. पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालय स्वतः करते.

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ वर फोन करा. ती येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात असतो.

रक्त वाहत असेल तर

स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा आणि दाब सोडू नका. थांबले का हे पाहायला सारखे कापड उचलू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. काच किंवा सळई आत रुतली असेल तर ओढून काढू नका, कारण तिनेच रक्त अडवून धरलेले असू शकते. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला उठवून बसवू नका. जागेवर आग किंवा वाहनांचा धोका असेल तरच हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

भाजले असेल तर

कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू देऊ नका. जमिनीवर लोळवा किंवा जाड सुती चादर, गोधडी गुंडाळून आग विझवा. त्यानंतर भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडा. २० मिनिटे हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून घड्याळ लावा. बर्फ नको. लहान मूल असेल किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर पाणी चालू असतानाच बाकीचे अंग कोरडे आणि उबदार ठेवा. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. नायलॉनचे कापड कातडीला चिकटले असेल तर ओढू नका, भोवतालचे कापा.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्या. विजेचा धक्का असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय माणसाला हात लावू नका. वरून डाग लहान दिसला तरी आतली इजा मोठी असू शकते, म्हणून दाखवणे आवश्यक आहे.

रुग्णालय आधी काय पाहते

श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध. त्यामुळे ओरडणाऱ्याच्या आधी शांत पडलेल्या रुग्णाला आत नेतात, तेव्हा रागावू नका. भाजलेल्याच्या बाबतीतही दुखत नाही म्हणजे बरे आहे असे नसते. खोल भाजले की संवेदनाच जाते. किती भाजले याचा अंदाज रुग्णाच्या स्वतःच्या तळव्यावरून बांधतात : बोटांसह एक तळवा म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का.

डॉक्टरांना भाजल्याची नेमकी वेळ सांगा. सलाइनचा हिशेब रुग्णालयात पोहोचल्यापासून होत नाही, भाजल्यापासून होतो. कारणही खरे सांगा. बंद खोलीतला धूर, ॲसिड, वीज, प्रत्येकाचे उपचार वेगळे आहेत. भाजलेल्या बाईला कोणी मारले किंवा पेटवले असेल तर तिला डॉक्टर आणि पोलिसांशी नातेवाइकांना बाजूला ठेवून बोलता येते. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

खर्च कोण करते

मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झाला असेल तर ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेली रोकडरहित उपचार योजना लागू होते. प्रत्येक जखमीसाठी अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, कमाल १,५०,००० रुपये. जखमी कोणत्या राज्याचा, रेशनकार्ड कोणते, हे पाहिले जात नाही. उपचार नियुक्त रुग्णालयात मिळतात. इतर रुग्णालयात प्रकृती स्थिर करण्यापुरतेच मिळतात. अपघाताची खातरजमा पोलीस करतात, म्हणून पोलिसांना कळवणे टाळू नका.

घरात किंवा कारखान्यात भाजल्यास ही योजना लागू नाही, आणि नेमका इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तिथे आयुष्मान कार्ड उपयोगी पडते : कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार, भाजण्याचे उपचारही त्यात. कार्ड साताऱ्यात काढलेले असले तरी सुरतेच्या संलग्न रुग्णालयात चालते. कार्ड घरी राहिले असेल तर रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला सांगा, आधारवरून नाव शोधता येते. चौकशीसाठी १४५५५.

ॲसिड हल्ल्यातील पीडितेला किंवा पीडिताला सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांनी लगेच विनामूल्य उपचार देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बंधनकारक आहे. नकार दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई मिळते. अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयात, दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा.

मदत करणाऱ्याला त्रास होईल का

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची किंवा रुग्णालयात थांबण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात, म्हणजे कायद्यातल्या 'गोल्डन अवर'मध्ये, रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास 'राह-वीर' योजनेतून २५,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी मात्र नाव नोंदवावे लागते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा क्रमांक मागून घ्या. भरपाईच्या अर्जाला दोन्ही लागतात.