सुईने आणलेला आजार

हिपॅटायटिस सी म्हणजे यकृताला पोखरणारी कावीळ. ही नेहमी डोळे पिवळे करत नाही, वर्षानुवर्षे गुपचूप अंगात राहते. तिचा इजिप्त देशातला इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

तिथे नाईल नदीच्या कालव्यांत गोगलगाई असतात. त्यांच्यातून बिल्हार्झिया नावाचे जंत पाण्यात उतरतात आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून अंगात शिरतात. शेतकऱ्यांना आणि कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांना त्याचा फार त्रास होई. म्हणून 1950 नंतर सरकारने गावोगाव इंजेक्शनांची मोठी मोहीम चालवली. हेतू चांगलाच होता. पण काचेच्या सिरिंज नीट न उकळता एकाची सुई दुसऱ्याला टोचली गेली. जंतांवर औषध मिळालं आणि त्याच सुईतून हा विषाणू रक्तात गेला. त्याची ओळख पटली ती थेट 1989 साली. 2008 च्या पाहणीत 15 ते 59 वयाच्या दर 100 जणांत सुमारे 15 जणांच्या रक्तात त्याची खूण सापडली.

यात त्या बायांचा काय दोष होता? काहीच नाही.

पुढे गोळ्या आल्या. 2015 मध्ये उत्तर इजिप्तमधल्या अल-उथमानिया गावात गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी लोकांना समजावलं. 4000 हून जास्त जणांनी रक्त तपासून घेतलं, आजारी निघालेल्यांपैकी बहुतेकांनी औषध घेतलं आणि ते बरे झाले. मग 2018-19 मध्ये देशभर सात महिन्यांत 5 कोटींच्या आसपास लोकांची तपासणी झाली.

आपल्याकडेही 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पहिली तपासणी खूण दाखवते, दुसरी विषाणू अजून अंगात आहे का ते सांगते. बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्या पुरतात. या आजारावर लस मात्र नाही. म्हणून सुई नवीन, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली हवी. जत्रेत गोंदताना आणि नाक-कान टोचतानाही तेच बघा. गोळीने भागत असेल तर इंजेक्शनचा हट्ट नको.

एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने हा आजार लागत नाही. तेव्हा एखादीची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली, तर तिची भांडी वेगळी करू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.