चक्रव्यूहाची कुळकथा: हवारा ते बोरामणी

सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात बोरामणीचा माळ लागतो. मुरमाड, पातळ मातीची जमीन आणि पावसाळा सरला की पिवळे पडणारे कुसळी गवत. लांडगा, खोकड आणि माळढोक यांच्या शोधात सोलापूरचे निसर्गप्रेमी या माळावर अनेक वर्षे हिंडत आले आहेत. अशाच भटकंतीत त्यांना गवतात छोट्या दगडांची एक गोलाकार मांडणी दिसली आणि २०२५ च्या अखेरीस तिची बातमी जगभर गेली. सुमारे ५० फूट व्यासाचे हे वर्तुळ आहे. त्यात एकात एक असे १५ वेढे आहेत आणि मध्याशी गोगलगायीच्या शंखासारखे वळण आहे. भारतात आजवर नोंदलेल्या वर्तुळाकार चक्रव्यूहांत इतके वेढे दुसऱ्या कशालाच नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ते सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे सातवाहनांच्या काळातले असावे असे मत मांडले आहे.

या आकृतीचे कूळ शोधायला निघाले की वाट इजिप्तच्या एका पिरॅमिडपाशी जाते.

पिरॅमिड म्हटले की गिझाचा खुफूचा पिरॅमिड आठवतो. इसवी सनापूर्वी सुमारे २५६० मध्ये पूर्ण झालेला, मूळचा १४६ मीटर उंच. त्याच्याही आधी, सुमारे १०० वर्षे मागे, इम्होतेपने सक्कारा येथे जोसेर राजासाठी सहा पायऱ्यांचा दगडी पिरॅमिड उभारला होता. तेव्हा राजाच्या देहाचे रक्षण दगडाच्या राशीने करायचे, असा विचार होता. तो फसला. पिरॅमिड जितका मोठा, तितका तो चोरांना लांबून दिसे. म्हणून ७००-८०० वर्षांनंतरच्या राजांनी दगडाच्या जोडीला वाटेची फसवणूक आणली.

बाराव्या राजवंशातला तिसरा अमेनेमहत हा त्यांतला मोठा राजा. इसवी सनापूर्वीच्या एकोणिसाव्या शतकात त्याने फायूम प्रदेशातल्या हवारा येथे पिरॅमिड बांधला. गाभा कच्च्या विटांचा आणि वरून चुनखडीचे आवरण. आतली रचना मात्र विलक्षण होती. उतरता जिना एका छोट्या दालनात संपल्यासारखा वाटे. पुढची वाट छतात होती आणि तिच्यावर प्रचंड शिळा सरकवलेली होती. तीही ओलांडली तर समोर जाणारा एक बोळ दगडांनी गच्च भरलेला असे. चोराने तो उपसत बसावे आणि खरी वाट बाजूलाच राहावी, हा हेतू. दफनाची खोली एकाच अखंड क्वार्टझाइट शिळेतून कोरलेली होती, १०० टनांहून जड. तिच्यावरची झाकणाची शिळा खालची वाळू काढून अलगद खाली उतरवली होती. १८८९ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने पाण्याने भरलेल्या त्या खोलीत प्रवेश केला, तेव्हा चोर त्याच्या कितीतरी आधी येऊन गेले होते.

याच पिरॅमिडच्या दक्षिणेला राजाचे अंत्यमंदिर होते. ग्रीक प्रवाशांनी त्यालाच ‘लॅबिरिंथ’, म्हणजे चक्रव्यूह, म्हटले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस तिथे गेला. त्याने लिहिले की छप्पर असलेली १२ प्रांगणे आहेत आणि ३,००० खोल्या आहेत, निम्म्या जमिनीवर आणि निम्म्या जमिनीखाली. खालच्या खोल्यांत राजे आणि पवित्र मगरी पुरलेल्या आहेत असे सांगून पुजाऱ्यांनी त्याला तिथे जाऊ दिले नाही. पिरॅमिड शब्दांत मावत नाहीत, पण ही वास्तू पिरॅमिडांवरही मात करते, असा त्याचा निर्वाळा होता. पुढे स्ट्रॅबोनेही तिच्या वळणावळणाच्या वाटांचे वर्णन केले. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने एक वंशावळच लिहून ठेवली: क्रीट बेटावरचा, दंतकथेतल्या डेडालस या कारागिराचा चक्रव्यूह या इजिप्तच्या वास्तूवरून घेतला, तोही तिच्या शंभराव्या हिश्शाएवढा.

प्लिनीची ही वंशावळ अर्धीच खरी ठरते. हवाऱ्याची वास्तू चकवणारी होती, दारे आणि दालने इतकी की माणूस हरवावा. बोरामणीच्या माळावरची आकृती त्याच्या अगदी उलट आहे. तिच्यात फाटे नाहीत. आत शिरले की एकच वाट, ती सगळ्या वेढ्यांतून फिरवून मध्याशी नेते आणि त्याच वाटेने परत आणते. चुकायची सोय नाही. जगातल्या प्राचीन आकृत्या बहुतेक याच एकवाटी घडणीच्या आहेत. इजिप्तने जगाला दिली ती कीर्ती आणि कथा. आकृतीचा जन्म मात्र वेगळा आहे.

या आकृतीचा काळ पक्का ठाऊक असलेला सर्वांत जुना नमुना ग्रीसमधल्या पायलॉसचा. इसवी सनापूर्वी सुमारे १२०० मध्ये तिथला राजवाडा जळाला आणि त्या आगीत कारकुनांच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून टिकल्या. त्यांतल्या एका पाटीवर एका बाजूला बकऱ्यांचा हिशेब आहे आणि मागच्या बाजूला सात वेढ्यांचा चौकोनी चक्रव्यूह रेखलेला आहे. पुढे क्रीटमधल्या नॉसोस नगराने हीच आकृती, कधी चौकोनी तर कधी गोल, आपल्या नाण्यांवर छापली. त्या नाण्यांबरोबर ती दूरवर गेली.

ती इतकी का पसरली, याचे उत्तर तिच्या काढण्याच्या रीतीत आहे. आधी अधिकाचे चिन्ह काढायचे. त्याच्या चार कोपऱ्यांत एकेक काटकोन. मग बाहेरच्या चारही कोपऱ्यांत एकेक ठिपका. आता १६ मोकळी टोके झाली. अधिकाचे वरचे टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाशी कमानीने जोडायचे. मग डावीकडचे पहिले टोक त्या कमानीवरून नेऊन उजवीकडच्या पुढच्या टोकाशी. असे एकेक टोक जोडत आठ कमानी पुऱ्या झाल्या की सात वेढ्यांचा चक्रव्यूह तयार. मोजपट्टी नको, लिहिता-वाचता यायला नको, वाळूत काठीने काढता येते. काटकोनांचा आणखी एक संच आत घातला की चार वेढे वाढतात: ७, मग ११, मग १५.

या वाटेचा क्रमही पाहण्यासारखा आहे. सात वेढ्यांच्या आकृतीत आत शिरलेला माणूस थेट बाहेरून तिसऱ्या वेढ्यात येतो, मग दुसऱ्यात, मग पहिल्यात. म्हणजे मध्याकडे निघालेला तो काठावर फेकला जातो. तिथून चौथा, मग एकदम सातवा. मध्य हाताशी येतो आणि वाट पुन्हा त्याला सहाव्यात, पाचव्यात मागे नेते. पाचव्यातून मात्र ती सरळ मध्यात उतरते. बोरामणीच्या आकारमानाचा हिशेब केला तर काठापासून २५ फुटांवर असलेल्या मध्यापर्यंत पोचायला हजार-बाराशे फूट चालावे लागेल. चालणाऱ्याचे मन एकाग्र करण्याची ही ताकद अनेक संस्कृतींनी ओळखली.

भारतात आल्यावर या आकृतीने इथली कथा धारण केली. द्रोणपर्वातला चक्रव्यूह ही सैन्याची रचना. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू तीत शिरला आणि तिथेच पडला. बाराव्या शतकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर शिल्पकारांनी महाभारताची ती घटना कोरताना चक्रव्यूह म्हणून हीच वेढ्यांची आकृती दाखवली. त्याआधी, सुमारे १०३० मध्ये, अल-बिरुनीने आपल्या भारतविषयक ग्रंथात रावणाच्या लंकेच्या किल्ल्याचा आराखडा म्हणून अशीच आकृती दिली होती. देशाच्या काही भागांत प्रसूतीच्या वेळी तबकावर केशराने चक्रव्यूह रेखून, ते पाण्याने धुऊन ते पाणी बाळंतिणीला पाजण्याची रीत होती. अरुंद वाटेतून जीव सुखरूप बाहेर यावा, ही त्यामागची प्रार्थना. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेल्या बैलांच्या आकृत्यांजवळ अशी वेढ्यांची आकृती आजही पाहता येते. भारतीय आकृत्यांत मध्याशी बहुधा मळसूत्री वळण असते. बोरामणीलाही ते आहे. म्हणजे बाहेरून आलेली असो वा नसो, ही आकृती इथल्या हातांनी इथल्या पद्धतीने घडवली आहे.

सातवाहनकाळात सोलापूरचा परिसर आडबाजूला नव्हता. बार्शीच्या पलीकडचे, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर म्हणजे तेव्हाचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते नावानिशी येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून गाड्या भरभरून साधे कापड आणि तलम कापड भडोचला जाते, आणि तिथून समुद्रापार. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि रोमन धाटणीच्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. त्या जपणारे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय आज गावात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, कांस्यमूर्ती सापडली. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतही दगडी चक्रव्यूह नोंदले गेले आहेत. घाटावरचा आणि माळावरचा हा सगळा मुलूख कापूस, कापड आणि बैलगाड्यांच्या वाटांनी तांबड्या समुद्राशी बांधलेला होता. सोलापूरच्या हातमागांचा वारसा ज्या मातीत रुजला, तिच्यातले कापड पिरॅमिडांच्या देशात पूर्वीच पोचत होते.

म्हणून बोरामणीची आकृती व्यापाऱ्यांच्या वाटेवरची खूण असावी, हा अभ्यासकांचा तर्क वजनदार आहे. तरीही नुसत्या साम्यावर विसंबता येत नाही. या व्यापाराच्या वाटांपासून कितीतरी दूर, अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे तोहोनो ओ’ओधाम लोकही टोपल्यांवर हाच सात वेढ्यांचा चक्रव्यूह विणतात. खरा निवाडा दगडांखालची माती करील. दगड ठेवला त्या दिवसापासून त्याखालच्या कणांना सूर्यप्रकाश लागलेला नसतो आणि त्यावरून काळ मोजण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. अट एकच: दगड जागेवरून हललेला नसावा.

हवाऱ्याच्या लॅबिरिंथचे काय झाले ते इथे आठवले पाहिजे. हिरोडोटसने जिला पिरॅमिडांहून थोर मानले, ती वास्तू रोमन काळात दगडांची खाण बनली. पेट्रीला तिथे सुमारे ३०० मीटर लांबीचा पाया आणि चुनखडीच्या ढलप्यांचे थर तेवढे मिळाले. तिचे दगड मोलाचे होते, म्हणून ते नेले गेले. बोरामणीचे दगड ओंजळीत मावणारे, कोणाच्या घराला वा बांधाला उपयोग नसलेले. शिवाय माळ नांगराखाली आला नाही. म्हणून कोणी न राखताही मांडणी टिकली.

ते दिवस आता संपले. जागा प्रसिद्ध झाली की गाड्या येतात, फोटोसाठी दगड उचलले जातात, गुप्तधनाच्या आशेने मध्य खणला जातो. एका दुपारच्या हौसेत २,००० वर्षांचा पुरावा पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी त्या जागेला कायद्याचे संरक्षण, प्रत्येक दगडाची जागा दाखवणारा नकाशा, आणि मग काळजीपूर्वक उत्खनन, हा क्रम सरकारने आणि सोलापूरकरांनी धरला पाहिजे. आणि माळरानाला पडीक जमीन म्हणण्याची आपली सवयही सुटली पाहिजे. माळढोकासाठी राखलेल्या गवतानेच हा चक्रव्यूह राखला. पक्षी आणि इतिहास या दोघांसाठी तो माळ तसाच ठेवणे हे आता आपले काम आहे.