बँक खात्यातून कापला जाणारा दंड : कशाचा, आणि टाळायचा कसा?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे ३००० रुपये एकदम खात्यात आले, तेव्हा अनेक बहिणींच्या हातात पूर्ण रक्कम पडलीच नाही. जुन्या खात्यांवर दंड साचलेला होता. पैसे जमा झाले आणि बँकांनी आधी आपला हिशेब चुकता केला. मुलांची स्कॉलरशिप असो की आखाती देशातून अब्बांनी पाठवलेला घरखर्च, ही वेळ कोणावरही येऊ शकते. म्हणून काही गोष्टी इथे एकत्र देत आहोत.

मिनिमम बॅलन्सचा दंड

ठरलेल्या शिल्लकेपेक्षा पैसे कमी झाले की बँक दंड लावते. पण त्यालाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या सूचनांनुसार :

– शिल्लक कमी झाल्यावर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे आणि ती भरायला किमान एक महिना द्यायचा.
– दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच लावायचा.
– केवळ या दंडामुळे खाते मायनसमध्ये जाता कामा नये.

दोन वर्षे व्यवहार न झाल्याने बंद पडलेल्या खात्यावरही हा दंड लावता येत नाही. स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्यांवरील मिनिमम बॅलन्सची अटच काढली. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही ती काढली.

हप्ता परत गेल्याचा दंड

गाडीचा, मोबाईलचा हप्ता ठरलेल्या तारखेला आपोआप कापला जातो. त्या दिवशी दहा रुपये जरी कमी असले तरी हप्ता परत जातो. मग आपली बँक वेगळा चार्ज लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा, आणि बँकेच्या चार्जवर १८ टक्के जीएसटी. शिवाय चेक बाऊन्स झाल्यासारखी कायदेशीर कारवाईही होऊ शकते. हे हलक्यात घेऊ नका.

ओव्हरड्राफ्ट

जनधन खात्यावर पात्र खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. पुष्कळांना ती सरकारी मदत वाटते. तसे नाही. ते कर्ज आहे आणि त्यावर व्याज लागते. व्याजापासून लांब राहणाऱ्या आपल्या घरांनी सही करण्याआधी हे नीट विचारून घ्यावे.

टाळण्यासाठी काय करावे?

१. शिल्लक ठेवणे जमत नसेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन खाते झिरो बॅलन्सचे, म्हणजे बेसिक बचत खाते करून घ्या. त्यावर एटीएम कार्ड मिळते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

२. नोकरी सुटली की पगाराचे खाते साधे बचत खाते होऊ शकते आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते. वापरात नसलेले खाते तसेच सोडू नका, बंद करा.

३. हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्या. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, असे असेल तर दंड ठरलेलाच.

४. मोबाईलमधले ऑटोपे तपासा. मे महिन्याच्या शेवटी सरकारी विम्याचे ४३६ आणि २० रुपये कापले जातात, तेही लक्षात ठेवा.

५. बँकेत आपला चालू मोबाईल नंबरच नोंदवा. अम्मीच्या खात्याला भावाचा जुना नंबर असेल तर सूचना पोहोचणार कशी?

पैसे कापले गेलेच तर

पासबुक भरून घ्या आणि कपात कशाची आहे ते विचारा. आधी कळवले नसेल तर मॅनेजरकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पहिल्यांदाच झालेला चार्ज विनंती केल्यावर पुष्कळदा परत मिळतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

घरातली सगळी पासबुके एकदा समोर घेऊन बसा. कोणते खाते लागते आणि कोणते नाही, हे ठरवायला अर्धा तास पुरतो.